हातापायाच्या जखमेतील गंभीर जंतुसंसर्ग : तो वेळेत कसा ओळखावा, आणि उपचार इतके आक्रमक का असतात?

मिलिंद_वाचतोय (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझ्या थोरल्या भावाच्या पोटरीत मातीत पडलेल्या लोखंडी पट्टीचे टोक खोलवर घुसले. रक्तस्राव लवकर थांबला आणि वरून पाहता जखम जेमतेम बोटभर रुंदीची होती, त्यामुळे ती धुऊन, टाके घालून आणि गोळ्या लिहून देऊन त्याला घरी पाठवण्यात आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून पायातला ठणका इतका वाढला की तो सारखा कण्हू लागला. परंतु ड्रेसिंग सोडून पाहिले तर टाक्यांभोवती थोडी लाली आणि सूज यांपलीकडे काही दिसत नव्हते, पू तर मुळीच नव्हता, आणि ताप म्हणावा तर नुसती कणकण होती. तिसऱ्या दिवशी पहाटे पोटरी दगडासारखी टणक झाली, त्वचेवर काळपट निळे डाग उमटले आणि तो असंबद्ध बोलू लागला. मोठ्या रुग्णालयात नेल्यावर डॉक्टरांनी तपासण्यांचे सगळे निकाल येण्याची वाटही न पाहता त्याला शस्त्रक्रियेसाठी आत घेतले.

आता त्याच्या प्रकृतीला उतार आहे. मात्र जखम उघडीच ठेवली असून आणखी दोनदा त्याला भूल देऊन ती साफ करण्यात आली आहे. जाणकारांना विचारावेसे वाटते की, वरून जखम बरी दिसत असताना आत असे काही चालले आहे हे सामान्य माणसाला कशावरून कळावे? शिरेतून जालीम प्रतिजैविके देऊन हे भागले नसते का? आणि घाण झालेली जखम शिवून बंद करण्याऐवजी उघडी ठेवण्यात कोणते शहाणपण आहे?

जुने_शल्यविशारद

आपल्या वर्णनातच पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे: जखमेच्या मानाने वेदना फार जास्त होती. खोलवरच्या गंभीर संसर्गाचे सर्वांत लवकर दिसणारे आणि सर्वांत जास्त वेळा दुर्लक्षिले जाणारे लक्षण हेच असते. साध्या जखमेत पहिले दोन दिवस कडांना लाली, थोडी सूज, ऊब आणि दुखणे असतेच, कारण ती शरीराची भरून येण्याची प्रक्रिया आहे. पण त्यानंतर हे सारे दिवसागणिक ओसरत गेले पाहिजे. जे दुखणे ओसरण्याऐवजी चढत जाते, नेहमीच्या वेदनाशामकाला दाद देत नाही आणि लालीच्या सीमेपलीकडच्या निरोगी दिसणाऱ्या भागालाही हात लावू देत नाही, ते त्वचेतले नसून त्वचेखालचे असते.

याचे कारण शरीररचनेत आहे. स्नायूंभोवती चिवट आवरण असते आणि त्या आवरणाच्या पातळीवर जंतूंना पसरायला जणू मोकळा रस्ता मिळतो. वरची त्वचा सुरुवातीला धडधाकट दिसते, कारण तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या अजून चालू असतात. त्या वाहिन्या खालच्या खाली गोठून बंद पडू लागल्या की मगच त्वचा काळवंडते, पाणी किंवा रक्तमिश्रित द्रव भरलेले फोड येतात, आणि आधी असह्य दुखणारा भाग हळूहळू बधिर होतो. घरचे लोक या बधिरतेला अनेकदा आराम पडला असे समजतात, प्रत्यक्षात तेथील नसा मेलेल्या असतात. ठणका अचानक थांबला आणि माणूस मात्र अधिक मलूल दिसू लागला, तर ती बातमी वाईट समजावी.

बोटांनी चाचपल्यावर सूजलेला भाग लाकडासारखा कडक लागणे ही दुसरी खूण. तिसरी खूण म्हणजे त्वचेखाली करकर जाणवणे. ऊतींमध्ये वायू साठला की दाबताना बोटांना बारीक बुडबुडे फुटल्यासारखा स्पर्श होतो. मात्र वायू नाही म्हणजे धोका नाही, असे कोणी समजू नये. स्ट्रेप्टोकोकस या जंतूमुळे होणाऱ्या अत्यंत घातक संसर्गात बहुधा वायू नसतोच.

येथे एक गोष्ट वेगळी काढून सांगितली पाहिजे. हाड मोडल्यावर किंवा अवयव चेंगरल्यावर काही तासांतच असह्य वेदना सुरू झाली आणि बोटे दुसऱ्याने हलकेच ताणली तरी रुग्ण ओरडू लागला, तर स्नायूंच्या कप्प्यातील दाब वाढून रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते. तो जंतुसंसर्ग नव्हे, पण तातडी तितकीच असते. मनगटाशी किंवा पावलाशी नाडी लागते आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. प्लास्टरमधला पाय ठणकत असेल तर प्लास्टर तत्काळ चिरून घेण्यासाठी रुग्णालय गाठावे.

वॉर्डातली_ताई

मी परिचारिका म्हणून शस्त्रक्रिया विभागात काम करते, त्यामुळे घरी काय पाहावे एवढ्यापुरतेच लिहिते. जखमेभोवती लाली दिसली की तिच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढावी आणि रेघेशेजारी वेळ लिहावी. दोन-तीन तासांनी लाली रेघेबाहेर गेली की नाही, हे मग आठवणीवर किंवा अंदाजावर राहत नाही; डॉक्टरांना फोनवर सांगतानाही "थोडी वाढल्यासारखी वाटते" याऐवजी "दुपारी दोनची रेघ पाचला दोन बोटे ओलांडली" असे नेमके सांगता येते. मंद गतीने पसरणारी लाली, जांघेत किंवा काखेत आलेले अवधाण, पायावरून वर सरकणारी तांबडी रेषा, हे सर्व त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवण्याजोगे आहे. तासातासाला सरकणारी लाली मात्र सकाळची वाट पाहण्याजोगी नसते.

दुसरे म्हणजे, नुसत्या जखमेकडे पाहत बसू नये, माणसाकडे पाहावे. ताप नसला तरी नाडी भरभर चालते आहे का, श्वास मिनिटाला बावीस किंवा त्याहून अधिक होतो आहे का, तो गोंधळल्यासारखा बोलतो का, हातपाय गार आणि चिकट लागतात का, आणि लघवी नेहमीपेक्षा पुष्कळ कमी झाली आहे का, हे पाहावे. संसर्गाला शरीराने दिलेल्या बेलगाम प्रतिसादामुळे अवयव बिघडू लागल्याची, म्हणजे सेप्सिसची, ही चिन्हे आहेत, आणि ती दिसल्यावर जखमेचे फोटो काढून ओळखीच्यांना पाठवत बसण्यात वेळ घालवू नये. वृद्धांमध्ये ताप चढतोच असे नाही. कित्येकदा अंग उलट गार पडते.

तापावरच्या आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्यांबद्दलही सावध करावेसे वाटते. त्या घेतल्याने ताप आणि दुखणे दोन्ही काही काळ झाकले जातात आणि आजार मात्र आत वाढत राहतो. गोळी द्यायचीच असेल तर तापमान आणि दुखण्याची तीव्रता आधी लिहून ठेवावी.

मधुमेह असणाऱ्यांच्या बाबतीत वर सांगितलेला वेदनेचा नियम फसतो. त्यांच्या पावलांतील संवेदना आधीच कमी झालेल्या असल्याने आत पू असूनही ते चालत येतात. त्यांच्यात कारणाशिवाय रक्तातील साखर चढणे, पावलाला वास येणे आणि मोजा ओला होणे, हीच पहिली सूचना ठरू शकते. यकृताचा आजार असलेले, कर्करोगाचे किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणारे रुग्णही याच गटात येतात.

स्पष्टवक्ता

चर्चा माहितीपूर्ण आहे, पण मला एक शंका आहे. प्रत्येक खरचटण्याला लोक अशाने घाबरू लागतील. त्यापेक्षा अशा मातीतल्या जखमांना पहिल्याच दिवशी सर्वांत तीव्र प्रतिजैविक सुरू केले असते तर पुढची चिरफाड टळली नसती काय? आणि हल्ली रक्ततपासण्या इतक्या झाल्या आहेत की त्यांवरून निदान व्हायला अडचण पडू नये.

सूक्ष्मजीव_अभ्यासक

घबराटीबाबत आपले म्हणणे योग्य आहे, कारण असे संसर्ग विरळाच होतात आणि बहुतेक जखमा साध्या स्वच्छतेने भरून येतात. परंतु प्रतिजैविकांविषयीची अपेक्षा चुकीच्या गृहीतकावर उभी आहे. औषध रक्तावाटे पोहोचते. जेथे रक्त पोहोचत नाही तेथे तेही पोहोचत नाही. मेलेला स्नायू, गोठलेले रक्त, आत राहिलेला कापडाचा धागा किंवा मातीचा कण, यांत वाढणारे जंतू बाटलीतल्या औषधाच्या कितीही मोठ्या मात्रेपासून सुरक्षित असतात.

गॅस गँगरीनचे, म्हणजे स्नायू झपाट्याने मरून त्यांत वायू साठतो अशा संसर्गाचे, उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होते. त्याला कारणीभूत असलेला मुख्य जंतू, म्हणजे आजचा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, वेल्च आणि नटल यांनी १८९२ मध्ये वर्णिला. तो प्राणवायूविना वाढतो, त्याचे बीजाणू मातीत आणि प्राण्यांच्या विष्ठेत सर्वत्र असतात, आणि तोंडाशी अरुंद पण आत खोल असलेली, चेचलेल्या स्नायूंची जखम त्याला सर्वांत सोयीची पडते. तो जे अल्फा विष सोडतो ते पेशींच्या पटलातील लेसिथिन तोडणारे विकर आहे, असे १९४१ मध्ये मॅकफार्लेन आणि नाइट यांनी दाखवले. या विषामुळे रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) आणि पांढऱ्या पेशी यांचे पुंजके बनून बारीक वाहिन्या तुंबतात. परिणामी एकीकडे स्नायू रक्ताविना मरतो आणि जंतूंना हवे असलेले प्राणवायूहीन वातावरण आणखी पसरते, तर दुसरीकडे पांढऱ्या पेशी जखमेपर्यंत पोहोचूच शकत नाहीत. पू हा मुख्यतः पांढऱ्या पेशींचा बनलेला असतो, म्हणून मिलिंद यांच्या भावाच्या जखमेत पू दिसला नाही यात मला नवल वाटत नाही. अशा जखमेतून पातळ, मळकट लालसर पाणी येते, सूक्ष्मदर्शकाखाली त्यात जाडसर दंडाकृती जंतू भरपूर दिसतात आणि पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. पहिल्यांदा अशी काचपट्टी पाहणाऱ्या विद्यार्थ्याला नमुना चुकीचा घेतला आहे असेच वाटते.

त्यांच्या जखमेत हाच जंतू होता असे मी म्हणत नाही. अशा जखमांत एकट्या स्ट्रेप्टोकोकसचा, किंवा अनेक जंतूंचा मिळून झालेला संसर्गही असू शकतो. गोड्या पाण्यात झालेल्या जखमेत एरोमोनास आणि खाऱ्या पाण्यातील जखमेत व्हिब्रिओ व्हल्निफिकस हे जंतू तितक्याच वेगाने धुमाकूळ घालतात, आणि त्यांच्यावरील औषधे वेगळी असतात. म्हणून जखम कोठे आणि कशाने झाली हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे. चावा असेल तर कोणाचा, हेही सांगावे. मारामारीत दुसऱ्याच्या दातावर आपटून मुठीच्या सांध्यावर झालेली एवढीशी चीर लोक लपवतात, आणि ती सांध्यात शिरलेली असते.

औषधाची निवडही केवळ जालीमपणावर ठरत नाही. पेनिसिलिन वाढत्या जंतूंवर प्रभावी असते; जंतूंची संख्या फार वाढून त्यांची वाढ मंदावली की त्याचा प्रभाव घटतो, हे हॅरी ईगल यांनी १९५२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. शिवाय ते विषाची निर्मिती थांबवत नाही. क्लिंडामायसिन जंतूंची प्रथिननिर्मिती रोखते आणि त्यामुळे विष तयार होणेच मंदावते, म्हणून स्ट्रेप्टोकोकस किंवा क्लॉस्ट्रिडियमचा संशय असल्यास दोन्ही एकत्र देतात. नेमका जंतू कळेपर्यंत सुरुवातीला व्यापक औषधे द्यावी लागतात, ती शिरेतूनच आणि शक्य तितक्या लवकर. त्याआधी रक्ताचे नमुने घेतले जातात, पण नमुन्यासाठी औषध खोळंबू देत नाहीत. जखमेच्या पृष्ठभागावर कापूस फिरवून घेतलेला नमुना फारसा कामाचा नसतो. शस्त्रक्रियेत खोलवरून घेतलेला ऊतीचा तुकडाच खरी माहिती देतो.

रक्ततपासण्यांबद्दल बोलायचे तर, पांढऱ्या पेशी, सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन आणि साखर या सहांवर आधारलेली एक गुणपद्धती २००४ पासून प्रचलित आहे. गुण जास्त आले तर संशय बळावतो. कमी आले म्हणून आजार नाही असे ठरत नाही, आणि आजार असूनही कमी गुण आलेले रुग्ण नित्य पाहायला मिळतात. क्ष-किरण चित्र आणि सीटी स्कॅन यांचेही तसेच. संशय पक्का असताना स्कॅनच्या रांगेत घालवलेला तास रुग्णाच्या खात्यातून वजा होतो.

मिलिंद_वाचतोय

आपणा सर्वांचा आभारी आहे. आज शल्यचिकित्सकांशी बोलणे झाले. आत पोटरीच्या एका स्नायूचा मोठा भाग काढावा लागला, परंतु पाय वाचला, असे त्यांनी सांगितले. पुढील आठवड्यात जखम स्वच्छ राहिली तर मांडीची त्वचा काढून तेथे लावणार आहेत. एका नातेवाइकांनी उच्च दाबाच्या प्राणवायूचा उपचार सुचवला आहे. तो येथे उपलब्ध नाही, त्यामुळे काही राहून गेले का, अशी रुखरुख आईला लागली आहे. आणि धनुर्वाताचे इंजेक्शन पहिल्या दिवशी दिले होते, ते पुरेसे असते ना?

जुने_शल्यविशारद

आईंना सांगावे की मुख्य उपचार वेळेवर झाला आहे. त्या प्राणवायू उपचारात रुग्णाला बंद कक्षात ठेवून नेहमीच्या हवेच्या अडीच ते तीन पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू देतात. प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंविरुद्ध तो उपयोगी पडावा हे तर्काला धरून आहे, पण शस्त्रक्रियेची जागा तो घेऊ शकत नाही आणि त्याच्या लाभाचा पुरावाही शस्त्रक्रियेइतका भक्कम नाही. प्रकृती ढासळत असलेल्या रुग्णाला त्यासाठी दूरच्या ठिकाणी हलवून शस्त्रक्रिया लांबवणे, हे मी तरी कधी मान्य केले नसते.

आता उघड्या जखमेविषयी. शस्त्रक्रियागृहात काय पाहिले जाते ते थोडे सविस्तर सांगतो. शंका असेल तेव्हा स्नायूंच्या आवरणापर्यंत लहानसा छेद घेतात. निरोगी ऊती एकमेकींना घट्ट धरून असतात आणि कापताच रक्त येते. संसर्ग झालेला असल्यास रक्त येत नाही, भांडी धुतलेल्या पाण्यासारखा करडा द्रव ओघळतो आणि बोट आवरणावरून विनाअडथळा आत सरकते. तसे घडले की निदान झाले, आणि छेद वाढवला जातो. स्नायू जिवंत आहे की नाही हे चार गोष्टींवरून ठरवतात: रंग, घट्टपणा, कापल्यावर रक्त येणे आणि चिमट्याने डिवचल्यावर आकुंचन पावणे. जो मांसाचा भाग विटकरी किंवा करडा दिसतो आणि चिमट्यात धरल्यावर हलत नाही, तो कितीही उपयोगाचा असला तरी ठेवता येत नाही. याच टप्प्यावर क्वचित पाय कापण्याचा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घरच्यांना क्रूर वाटला तरी त्या क्षणी प्राण आणि पाय यांतून एकाचीच निवड उरलेली असते.

परंतु पहिल्या दिवशी जिवंत वाटलेला कडेचा भाग दुसऱ्या दिवशी मेलेला निघू शकतो, म्हणून साधारण चोवीस तासांनी पुन्हा पाहणी करतात आणि मेलेले काही सापडेनासे होईपर्यंत ती करत राहतात. जखम शिवून टाकली तर आत पुन्हा तेच बंद, प्राणवायूहीन कोंदण तयार होते. पहिल्या महायुद्धात खत घातलेल्या शेतजमिनीच्या चिखलात झालेल्या जखमा शिवल्यावर गॅस गँगरीनने सैनिक दगावू लागले, तेव्हा मेलेला भाग पूर्ण काढणे आणि जखम उघडी ठेवून ती स्वच्छ राहिल्यावर काही दिवसांनी बंद करणे, हा क्रम शल्यविशारदांनी पक्का केला. युद्धाच्या आणि मातीने बरबटलेल्या जखमांसाठी तो आजही पाळला जातो. चिखलात झालेली खोल, भोसकलेली जखम त्याच दिवशी टाक्यांनी घट्ट बंद करण्याबाबत माझे मत प्रतिकूल आहे. त्या वेळची परिस्थिती मी पाहिलेली नाही, म्हणून याहून अधिक बोलत नाही.

पहिल्या दिवशीच्या काळजीबद्दलही येथेच लिहितो. भरपूर पाण्याने धुण्याला पर्याय नाही. पिण्यायोग्य स्वच्छ नळाचे पाणी त्यासाठी चालते. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा तीव्र जंतुनाशक जखमेत ओतल्याने निरोगी पेशीच अधिक मरतात. खोल रुतलेली वस्तू घरी उपसून काढू नये. हाड मोडून जखमेतून बाहेर डोकावत असेल, तर प्रतिजैविक पहिल्या तासाभरात मिळावे असे मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि स्पष्टवक्ता यांच्या मूळ मुद्द्याला तेथे पूर्ण आधार आहे. मात्र तेथेही ते साफसफाईसोबतच द्यायचे असते.

धनुर्वाताचे उत्तर आधीच्या लसीकरणावर अवलंबून आहे. बालपणीचे डोस पूर्ण झालेले असतील, तर मातीने दूषित जखमेत शेवटच्या डोसला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असल्यास एक वर्धक मात्रा पुरते. आधी तीनपेक्षा कमी डोस झाले असतील किंवा काहीच माहीत नसेल, तर लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते, कारण लशीचा परिणाम दिसायला वेळ लागतो. धनुर्वात जखमेनंतर तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही डोके वर काढू शकतो. भावाचे जुने डोस कोणते झाले हे डॉक्टरांना कळवून खात्री करून घ्यावी.

वॉर्डातली_ताई

त्वचा लावल्यानंतरच्या काळाबद्दल दोन गोष्टी जोडते. अंथरुणात पडून पडून पाऊल खालच्या दिशेने झुकलेले राहते आणि पोटरीचे उरलेले स्नायू त्याच स्थितीत आखडतात. मग जखम भरून आली तरी टाच जमिनीला टेकत नाही. म्हणून पाऊल काटकोनात धरणारा पट्टा लावला आहे की नाही, हे आजच विचारावे, आणि घोटा कधीपासून हलवायचा ते शल्यचिकित्सक व फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून ठरवून घ्यावे, कारण नव्याने लावलेल्या त्वचेला सुरुवातीचे काही दिवस स्थिर ठेवावे लागते. मांडीची जी जागा सोलली जाते, ती रुग्णाला बहुधा मूळ जखमेपेक्षा अधिक झोंबते. हे आधी सांगितलेले असले तर घाबरगुंडी उडत नाही.

दुसरे असे की, घरी गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जखमेच्या जागी एखादे बारीक छिद्र पडून त्यातून सतत पाणी येऊ लागले, किंवा नडगीच्या हाडात रात्री खोलवर दुखू लागले, तर वरून मलमपट्टी करत राहू नये. हाडापर्यंत संसर्ग पोहोचला आहे का, हे त्या वेळी तपासावे लागते, आणि त्यासाठी या वेळचे डिस्चार्ज कार्ड व जंतूंच्या तपासणीचा अहवाल जपून ठेवलेला असला तर औषध निवडायला डॉक्टरांना पुष्कळ मदत होते.